झाकली मूठ उघडूया : लिलावात जुनी मॉडिफाइड गाडी विकणाऱ्या मराठी मित्रांना खुलं पत्र

बे एरियातल्या आणि अमेरिकेत इतरत्र पसरलेल्या मराठी गाडीवेड्यांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आरतीनंतर आपण काही जण पानावर बसलो होतो. जुन्या गाड्यांचा विषय निघाला, तो आपल्यात निघतोच. आपल्यातल्या एकानं सांगितलं की पुढच्या महिन्यात त्याची गाडी ऑनलाइन लिलावाला लागतेय. खालचा पत्रा दोन-तीन ठिकाणी सडलाय, पण त्यावर काळं अंडरकोटिंग मारून घेतलंय. "फोटोत काही कळत नाही," असं तो म्हणाला. आम्ही सात-आठ जण होतो, कुणीच काही बोललं नाही. मीही बोललो नाही, आणि ते मला तेव्हापासून खातंय. त्याचं नाव मी घेणार नाही. हे पत्र त्याच्या एकट्यासाठी नाहीच. आपली पिढी नव्वदच्या दशकात इथं आली, चाळिशीत गॅरेजमध्ये एकेक हौसेची गाडी उभी केली, कुणाची डॅटसन, कुणाची मियाटा, कुणाची सुप्रा. आता मुलं कॉलेजला गेली, गुडघे कुरकुरायला लागले, घरं लहान करायची वेळ आली. येत्या चार-पाच वर्षांत यातल्या बऱ्याच गाड्या विकल्या जातील, आणि बहुतेक ऑनलाइन लिलावातच. म्हणून आत्ता लिहितोय.

माझ्याकडे १९७२ ची डॅटसन २४० झेड होती. २०१६ मध्ये ती ऑनलाइन लिलावात घेतली आणि गेल्या मे महिन्यात तशाच लिलावात विकली. या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय, म्हणून जे लिहितोय ते ऐकीव नाही.

घेतली तेव्हाचं आधी सांगतो. विकणारा दोन हजार मैलांवरचा. वर्णनात ठळक लिहिलेलं, 'रस्ट-फ्री'. ऐंशीएक फोटो होते, त्यातले खालून काढलेले चार, आणि चारही अंधारे. जास्त फोटो मागायला हवे होते, पण मी त्या केशरी रंगावर भाळलो होतो. शेवटच्या दिवशी बोली वाढवत गेलो आणि गाडी मला मिळाली. ट्रकवरून उतरली त्या दिवशी घरातले सगळे बाहेर येऊन बघत होते. पुढच्याच रविवारी अकरा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून मी २८० हायवेनं हाफ मून बेपर्यंत चक्कर मारून आलो.

दोन आठवड्यांनी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. या गाडीला वेगळी चासी नसते, फ्लोअरच्या पत्र्याखाली दोन लांब रेल असतात आणि बराचसा भार त्या पेलतात. ड्रायव्हरच्या पायाखालच्या रेलला मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून जरासं दाबलं. टोक आत गेलं. ओढून काढलं तर त्याबरोबर काळ्या थराचा पापुद्रा सुटला. आत फायबरग्लासची जाळी, तिच्यामागे चहाच्या चोथ्यासारखा भुगा, आणि त्यामागे काहीच नाही. बॅटरी ट्रेच्या खाली तोच प्रकार, फक्त तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून, रंग मारून काम अगदी गुळगुळीत केलेलं. ज्या माणसानं ते केलं त्याच्या हातात कला होती, म्हणून तर मला जास्त राग आला. याच गाडीत मी मुलीला बसवून साठ-सत्तर मैलांच्या वेगानं गेलो होतो.

वकिलाला विचारलं. तो म्हणाला, गाडी 'जशी आहे तशी' विकलेली आहे. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर त्या अटीचा आडोसा त्याला घेता येत नाही, पण त्याला ते माहीत होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. दुसऱ्या राज्यात जाऊन ते सिद्ध करण्याइतकं बळ माझ्यात नव्हतं. रेल, फ्लोअर, बॅटरी ट्रे, मागच्या दाराखालचा पत्रा, सगळं कापून नवं वेल्ड करायला चौदा महिने गेले.

आमच्या कोल्हापूरकडं आबा, म्हणजे माझे आजोबा, वडगावच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला जायचे. लहानपणी एक-दोनदा मी त्यांच्याबरोबर गेलोय. भाव व्हायचा तो रुमालाखाली, एकमेकांची बोटं धरून, शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही. बैल मात्र सगळ्यांसमोर उघडा. दात बघा, खूर बघा, चालवून बघा, मोटेला जुंपून बघा. आणि मारका असेल, बसका असेल, तर विकणारा खोड तोंडानं सांगायचा, कारण तो बैल उद्या कुणाच्या तरी पोराच्या हातात जाणार असायचा. ऑनलाइन लिलावात सगळं उलटं झालंय. भाव जगासमोर, पैशापैशाचा हिशेब उघडा, शेवटच्या मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढं सरकतं तेसुद्धा सगळे बघतात. रुमालाखाली आहे ती गाडी. घेणाऱ्याला ना दात बघता येतात ना खूर. त्याला जे काही दिसतं ते आपण दाखवू तेवढंच. म्हणून खोड सांगायची जबाबदारी वडगावच्या बाजारात होती त्याच्या दहापट इथं आहे.

आता मॉडिफिकेशनबद्दल. माझा राग गाडी बदलण्यावर आहे असं कृपा करून समजू नका. मी स्वतः गाडी भरपूर बदलली. आणि झेडच्या बाबतीत तर बदल हा गाडीच्या जन्मापासूनचा इतिहास आहे. अमेरिकेत ती आली तीच ३,५२६ डॉलरला, तरुण माणसाला परवडेल आणि त्यात हात घालता येईल अशी. जपानमध्ये तिचं नाव फेअरलेडी होतं. अमेरिकेत निसानचा, म्हणजे डॅटसन बनवणाऱ्या कंपनीचा, कारभार बघणाऱ्या युताका काटायामांना ते नाव इथं चालेल असं वाटलं नाही, आणि गाडी नुसत्या २४० झेड या नावानं विकली गेली. पीट ब्रॉक यांच्या बीआरई या रेसिंग संघानं ड्रायव्हर जॉन मॉर्टन यांच्या हाती ४६ नंबरची झेड दिली आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं एससीसीए या अमेरिकी मोटर क्लबची सी प्रॉडक्शन ही शर्यतीची स्पर्धा जिंकली. ती गाडी कारखान्यातून निघाली तशी नक्कीच नव्हती. आज सिंगरसारख्या कंपनीनं जुन्या पोर्श ९११ चं रूप पार बदललेलं असतं आणि लोक त्याला मूळ गाडीच्या कितीतरी पट पैसे मोजतात. उलट बाजूही आहे. जानेवारी २०२० मध्ये ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर एक २४० झेड ३,१०,००० डॉलरला गेली, ती जवळपास जशीच्या तशी जपलेली होती म्हणून. म्हणजे बाजारात दोन्हींना जागा आहे. ज्या गाडीचं काय झालंय हेच कळत नाही, तिचं मात्र कुणाला काही करता येत नाही. ती ना मूळ राहिली, ना तिच्यावर केलेल्या कामाचा मान तिला मिळाला.

माझं इंजिन मी ३.१ लिटरचं केलं. आपल्यातल्या झेडवाल्यांना ही पाककृती पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मूळचं एल२४ इंजिन २,३९३ सीसीचं. त्याच्या जागी नंतरच्या २८० झेडएक्सचा एल२८ ब्लॉक घ्यायचा, त्याचा ८६ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८९ करायचा, आणि क्रँक घालायचा तो चक्क निसानच्या डिझेल इंजिनाचा, एलडी२८ चा, ८३ मिलिमीटर स्ट्रोकवाला, म्हणजे पिस्टन तेवढा वर-खाली जातो. रॉड मी भंगारातल्या दुसऱ्या एका एल२४ चे घेतले. वर तीन वेबर कार्ब्युरेटर, पाच गिअरचा बॉक्स, मागं आर२०० डिफरन्शियल. बोअर करायला ब्लॉक मशीन शॉपमध्ये दिला तेव्हा मी तिथंच उभा राहिलो, कारण तो आवाज मला ओळखीचा होता. आण्णांची, माझ्या वडिलांची, कोल्हापुरात उद्यमनगरात शेड होती. एक लेथ, एक बोरिंग मशीन, दोन पोरं कामाला. ट्रॅक्टरची, जीपची, मोटरपंपाची इंजिनं यायची. बोअर झाला की आण्णा नंबर पंच घेऊन ब्लॉकच्या कडेला माप ठोकायचे. किती ओव्हरसाइज, महिना, वर्ष. गिऱ्हाइकाला त्याची गरज नसायची, बऱ्याच जणांना तो आकडा वाचताही यायचा नाही. मी एकदा विचारलं, कशाला एवढा वेळ घालवता? म्हणाले, "पुढच्या मेस्त्रीला कळाया पाहिजे."

माझ्या त्या एल२८ ब्लॉकच्या कडेलाही मी ठोकलंय. ८९.००, महिना, वर्ष. पंचाचा संच आण्णांचाच आहे, ते गेल्यावर मी कोल्हापूरहून आणला. तीनचा आकडा थोडा झिजलाय.

विकायची वेळ आली तेव्हा मी जे केलं ते सांगतो, कारण तेवढंच मला खात्रीनं सांगता येईल. एकशे नव्वद फोटो काढले, त्यातले साठ लिफ्टवर, खालून, दिवा लावून. नवा पत्रा कुठं आहे, वेल्ड कुठून कुठं आहे ते खडूनं खुणा करून दाखवलं. रंगाच्या जाडीचं यंत्र लावून प्रत्येक पॅनेलचे आकडे दिले, आणि डाव्या मागच्या फेंडरवर जिथं लांबी आहे तिथं चुंबक लावून तो कसा घसरतो त्याचा व्हिडिओ टाकला. मीटर पाच आकडी आहे, तो एकदा फिरून गेलाय की नाही हे माहीत नाही, शिवाय डिफरन्शियल आणि टायर बदलल्यामुळं तो बरोबर मोजतही नाही, हेही लिहिलं. थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ दिला, पहिले तीस सेकंद वेबर खोकतात त्या खोकण्यासकट.

आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. सहा सिलिंडरांचे आकडे आले १८२, १८०, १८४, १८१, १६४, १८३. पाचवा कमी. इंजिन धावत होतं उत्तम, धूर नाही, तेल खात नाही. एका जवळच्या मित्रानं मनापासून सल्ला दिला, "अरे, 'कॉम्प्रेशन चांगलं' एवढंच लिही. कशाला हात दाखवून अवलक्षण? झाकली मूठ सव्वा लाखाची." तो माझ्या भल्यासाठीच बोलत होता आणि मलाही क्षणभर पटलं. शेवटी सहाही आकडे लिहिले, आणि पाचव्याच्या लीकडाऊन चाचणीत १४ टक्के गळती दिसते तेही.

त्याचा परिणाम काय झाला ते लपवत नाही. आकडे वर गेल्यावर बोली २७,००० डॉलरवर थांबली आणि दीड दिवस हलली नाही. रात्री मी सारखा फोन बघत होतो. रिझर्व्ह लावलेला नव्हता, म्हणजे आहे त्या आकड्याला गाडी द्यावीच लागली असती. मग लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, मी प्रत्येकाला उत्तर दिलं, एकदा रात्री अकराला गॅरेजमध्ये जाऊन स्पार्क प्लग काढून त्याचा फोटोही पाठवला. शेवटी गाडी ३६,२५० ला गेली. पाचवा सिलिंडर झाकला असता तर कदाचित दोन-तीन हजार जास्त आले असते. खरं बोलल्यानं पैसे जास्त मिळतात असं मी तुम्हाला सांगणार नाही. कधी मिळतात, कधी नाही मिळत. ते दोन-तीन हजार मात्र माझे नव्हतेच, ते घेणाऱ्याचे होते, पुढं कधीतरी त्याला इंजिनाच्या हेडचं काम करावं लागेल त्याचे. माझ्या खिशात ते चुकून आले असते एवढंच.

आणखी एका गोष्टीवर मला थोडं अडून बसायचंय, ती म्हणजे काढलेले मूळ भाग. आपण मॉडिफाइड करताना जे काढतो ते गॅरेजच्या माळ्यावर जातं आणि विकताना त्याची वेगळी किंमत दिसायला लागते. मूळचे कार्ब्युरेटर वेगळे विकले, मूळ चाकं वेगळी विकली, मूळ इंजिन तर कुणीतरी दुसऱ्याच राज्यात घेऊन गेलं. हे करू नका. झेडच्या इंजिनाच्या खोलीत एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर त्या गाडीला कारखान्यात बसवलेल्या इंजिनाचा नंबर असतो. तो नंबर असलेला ब्लॉक जगात एकच आहे. तो त्या गाडीपासून तोडला की ती गाडी पुन्हा मूळ रूपात आणणं कायमचं संपलं, मग पुढच्या मालकाकडं कितीही पैसा असो. माझं एल२४ मी तेल मारून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, लाकडी खोक्यात गाडीबरोबर दिलं. दोन कार्ब्युरेटर, एअर बॉक्स, जुना चार गिअरचा बॉक्स, सगळं. खोक्यासाठी ट्रकवाल्यानं जास्तीचे पैसे घेतले, ते मी भरले. ज्यांना आपल्या गाडीवर जीव आहे असं आपण म्हणतो, त्यांनी निदान एवढं करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कागदांचं पटकन सांगतो. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात स्मॉग, म्हणजे धुराची, तपासणी नाही, म्हणून माझी झेड सुटली. तुमची मियाटा किंवा सुप्रा सुटणार नाही. इंजिनाशी संबंधित बदललेल्या भागाला एअर रिसोर्सेस बोर्डाचा मान्यता क्रमांक नसेल तर गाडी तपासणीत अडकते, आणि इथं विकताना स्मॉगचं प्रमाणपत्र देणं हे विकणाऱ्याचं काम आहे. तपासणीपुरते मूळ भाग चढवून नंतर परत उतरवलेली गाडी 'स्मॉग पास' म्हणून विकणं, हे ज्याच्या नावावर ती जाणार त्याला दोन वर्षांनी खड्ड्यात ढकलणं आहे. गाडी गेली की पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला, म्हणजे वाहन नोंदणी खात्याला, रिलीज ऑफ लायबिलिटीची, म्हणजे गाडीची जबाबदारी आता आपली नाही अशी, नोंद करा, हे बरेच जण विसरतात.

माझी गाडी ऑरेगनमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनं घेतली. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नंबर बघून पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "व्हॉल्व्हची क्लिअरन्स, म्हणजे फट, सेट करायला बसलेय. पुस्तकात इंजिन गरम असताना ०.२५ आणि ०.३० मिलिमीटर दिलंय, पण तुमच्या फाइलमध्ये कॅमचा जो कागद आहे त्यावर आकडे वेगळे आहेत. कुठले धरू?" कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मूळचा नव्हता. त्याच्याबरोबर आलेला कागद मी पावत्यांच्या फाइलमध्ये लावला होता आणि मला स्वतःला त्याचा विसर पडला होता. मी म्हटलं, कागदावरचे धरा. पलीकडून फट मोजायच्या पट्ट्या, फीलर गेज, खाली ठेवल्याचा आवाज आला, मग त्या म्हणाल्या, "हं, ब्लॉकच्या कडेला ८९ ठोकलंय ते कुणी?" मी सांगितलं. आण्णांचंही सांगितलं.

ज्याच्यामुळं हे लिहायला बसलो त्या मित्रानं गाडी अजून लिलावाला लावलेली नाही असं कळलं. मित्रा, अजून वेळ आहे. अंडरकोटिंग तापवून पटाशीनं खरवडलं की दोन तासांत निघतं. खाली जे दिसेल त्याचे फोटो आपण काढू, पत्रा बदलायचा ठरवलास तर वेल्डिंगला मी येईन, आणि नाही बदलायचा ठरलं तर वर्णनात काय लिहायचं ते बसून लिहू. तुमच्यातल्या कुणाचीही गाडी येत्या वर्षभरात जायची असेल तर माझ्या गॅरेजमध्ये दोन खांबी लिफ्ट आहे, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे, कॉम्प्रेशन गेज आहे. शनिवारी सकाळी आठपासून मी घरीच असतो. येताना मूळ भागांची खोकीही गाडीत टाकून आणा, त्यांचेही फोटो लागतील.

आपला,
एक माजी झेडवाला
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया